नागपुरात पहिलं घर बांधताना: झाकलं जाण्याआधी काय बघायचं

प्लॉट घेऊन बरीच वर्षं झालेली असतात, आणि एक दिवस घरात ठरतं की यंदा बांधायचंच. मग पहिली चर्चा एलिव्हेशनची, म्हणजे घराच्या दर्शनी रूपाची, दुसरी टाइल्सची, तिसरी मॉड्युलर किचनची. आपल्या प्लॉटवर काळी माती किती फूट खोल आहे, हा प्रश्न मात्र खोदकामाच्या दिवशी जेसीबीवाला विचारतो. घराची गडबड तिथूनच सुरू होते.

बांधकाम म्हणजे एकावर एक झाकत जायचं काम. फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) मातीखाली जातं, लोहा काँक्रीटमध्ये, पाइप प्लास्टरमागे. एकदा झाकलं गेलेलं फोडल्याशिवाय पुन्हा दिसत नाही. म्हणून पुढचे टप्पे एकाच सूत्राने लिहिले आहेत: आता काय झाकलं जाणार, आणि त्याआधी मालकाने स्वतः उभं राहून काय बघायचं. इंजिनिअर नेमला असेल तरीही बघा. इंजिनिअरच्या चार साइट असतात, तुमचं घर एकच असतं.

टप्पा १: कागद

आपला प्लॉट कोणाच्या हद्दीत आहे, हे आधी पक्कं करा: मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). बेसा, हुडकेश्वर, नरसाळा, गोधनी या बाजूंना शेजारच्या दोन लेआउटची कार्यालयं वेगळी निघू शकतात. शेजाऱ्याने कुठे अर्ज केला यावर जाऊ नका.

विक्रीपत्रातला मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा क्रमांक आणि प्लॉट क्रमांक हे सातबारा किंवा आखीव पत्रिकेशी जुळवून बघा. एनए (बिगरशेती) झालेला नसलेला, गुंठेवारीतला लेआउट असेल तर नासुप्रचं नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो ते, हातात असायला हवं. डिमांड, म्हणजे नासुप्रने मागितलेली रक्कम, भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे. बँक कर्जाच्या वेळी हेच विचारते आणि लोक तिथेच अडकतात.

त्यानंतर भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. दगड कुठे आहेत ते शेजाऱ्यांसमोर बघा आणि फोटो काढून ठेवा. भिंत उभी राहिल्यावर एक फुटाचा वाद निघाला तर तो फक्त पैशांचा राहत नाही, शेजारही जातो.

राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि लहान प्लॉटसाठी तिच्यात मंजुरीची सोपी पद्धत आहे. ३० बाय ५०चा प्लॉट साधारण १३९ चौरस मीटरचा होतो, म्हणजे तो लहानच. पण मंजुरी सोपी असली म्हणून मार्जिन सोडण्यातून सुटका होत नाही. मंजूर नकाशात जेवढी जागा मोकळी दाखवली तेवढी जागेवर ठेवा.

टप्पा २: महिना ठरवा

अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करून लगेच खोदायला घेणं, ही आपल्याकडची नेहमीची चूक. मे महिन्यात खड्डे होतात, लोहा येईपर्यंत जून उजाडतो, आणि पहिल्या पावसात काळ्या मातीचे काठ ढासळून खड्ड्यात चिखल होतो. मुहूर्त साधायचा तर पूजा जरूर करा, खोदकाम थांबवा.

पावसाळ्याचे महिने कागद, नकाशा आणि ठेकेदार ठरवण्यासाठी वापरा. दिवाळी झाली की खोदायला घ्या. तसं केलं तर तळमजल्याचा स्लॅब फेब्रुवारी-मार्चपर्यंत, म्हणजे ऊन चढण्याआधी पडतो आणि प्लास्टर, फरशी ही छताखालची कामं उन्हाळ्यात होतात. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडचे मजूर धान कापणीला आणि होळीला गावी जातात. ठेकेदाराला हे माहीत असतं, पण तो आपणहून सांगत नाही. वेळापत्रकात ते दिवस आधीच वजा करून ठेवा.

टप्पा ३: नकाशे, दोन वेगळे

मंजुरीचा नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात खोल्या असतात. दुसऱ्यात फुटिंगची खोली, कॉलममधल्या सळया, त्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांचं अंतर, स्लॅबची जाडी असते. स्ट्रक्चरल ड्रॉइंगशिवाय कामाला हात लावू देऊ नका. ‘मिस्त्री हुशार आहे, बारा एमएमच्या सहा टाकतो’ यावर घर उभं करायचं नसतं.

खोल्या ठरवताना नागपूरचं ऊन डोळ्यासमोर ठेवा. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जिना, संडास-बाथरूम, स्टोअर पश्चिमेला गेले तर झोपायच्या खोल्या वाचतात. पश्चिमेच्या खिडकीवर पुरेसा रुंद सज्जा हवा.

कूलरची जागा इथेच ठरते, घर झाल्यावर नाही. कूलरची खिडकी शक्यतो सावलीच्या बाजूला घ्या. तिच्याजवळ बाहेरून पाण्याचा नळ, सांडपाण्याला वाट आणि प्लगचा पॉइंट दाखवून घ्या. समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा झरोका ठेवा. ओली हवा बाहेर पडली नाही तर कूलर रात्रभर चालूनही अंग चिकट राहतं. नवीन घरात खिडकीची ग्रिल कापून कूलर बसवावा लागतो, तो इथे न विचारल्यामुळे.

टप्पा ४: ठेकेदार आणि लेखी करार

भाव चौरस फुटावर ठरतो, पण चौरस फूट कशाचा, यावर नंतर भांडण होतं. स्लॅबच्या मापाचा की बांधकामाच्या? बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी? सज्जे, जिन्यावरची टोपी, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड भिंत भावात आहेत की वेगळे? ही यादी एका कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. सेंट्रिंगचं (काँक्रीट धरणाऱ्या तात्पुरत्या साच्याचं) सामान, मिक्सर, व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) आणि तराईचा, म्हणजे पाणी मारायचा, माणूस कोणाचा, हेही त्यातच लिहा.

पैसे टप्प्याने द्या: प्लिंथ (जोतं), स्लॅब, जुडाई (विटांचं बांधकाम), प्लास्टर, फिनिशिंग. झालेल्या कामापेक्षा जास्त रक्कम ठेकेदाराकडे कधीच असू नये. एकूण रकमेतला थोडा भाग, पाच टक्के म्हणा, पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचा आणि तसं करारात लिहायचं. नंतर तोंडी मागितलं तर कोणी ऐकत नाही.

> थांबा: कर्ज काढत असाल तर बँकेचे हप्ते आणि ठेकेदाराचे टप्पे शेजारी शेजारी मांडून बघा. बँक काम झाल्यावर पैसे सोडते, ठेकेदार काम सुरू करण्याआधी मागतो. मधली रक्कम आपल्याकडे असायला हवी.

टप्पा ५: साहित्य मोजून घ्या

रेती आणि गिट्टी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. टिप्पर रिकामा व्हायच्या आधी टेप लावा: लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजून गुणा आणि १००ने भागा. १० बाय ६ बाय अडीच म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. मधोमध ढीग आणि कडेला खोलगट असेल तर वरचं सपाट करून मग उंची घ्या. ओली रेती फुगलेली असते, कधी कधी चतुर्थांशाहून जास्त. त्यामुळे ओल्या रेतीचा दीड ब्रास हा खरा दीड ब्रास नसतो.

कन्हानची रेती म्हणून जे येतं त्यात माती किती आहे ते बाटलीत बघा. पारदर्शक बाटलीत रेती घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा, तीन तास ठेवून द्या. रेतीवर गाळाचा जो थर बसतो तो रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर गाडी परत करा. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो आणि भाव चढतात. प्लास्टरची रेती तेव्हा लागणार असेल तर आधीच आणून ताडपत्रीखाली ठेवा.

लोहा धरमकाट्यावर मोजा आणि शिवाय एकेक सळई तपासा. बारा मीटरची ८ एमएमची सळई ४.७४ किलो, १२ एमएमची १०.६६ किलो, १६ एमएमची जवळपास १९ किलो भरायला हवी. थोडा फरक चालतो. पण १२ एमएमची सळई साडेनऊ किलोची निघाली तर ती गाडी उतरवू नका.

विटा फ्लाय ॲशच्या घ्या किंवा लाल, दोन्हींनी घरं चांगली होतात. कोराडी-खापरखेड्याची राख जवळ असल्यामुळे फ्लाय ॲशच्या विटा इथे सहज मिळतात. लाल वीट कोरडी असताना तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती कच्ची आहे.

टप्पा ६: आखणी आणि पाया

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथली चूक नंतर निस्तरता येत नाही.

आखणी झाली की दोन्ही कर्ण मोजा. घर २४ बाय ३६ असेल तर दोन्ही कर्ण ४३ फूट सव्वातीन इंच यायला हवेत. दोन कर्णांत दोन इंचांचा फरक दिसला तर घर तिरकं आहे, आणि तो तिरकेपणा शेवटी हॉलच्या टाइल्समध्ये कापलेल्या पाचरीच्या रूपाने कायम डोळ्यासमोर राहतो. चुन्याच्या रेघांवर विसंबू नका. खुंट्या आणि दोरी ठेवायला सांगा, कारण चुना पहिल्या जेसीबीबरोबर पुसला जातो.

आता माती. आपल्या शहरात बऱ्याच भागांत वरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर गेलात तर त्या भेगेत हात जातो. फुटिंग या मातीवर टेकलं तर घर दरवर्षी वर उचललं जातं आणि खाली बसतं, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपे तडे निघतात. म्हणून नकाशा पक्का करण्याआधीच प्लॉटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. पुष्कळ लेआउट नाल्याकाठी किंवा भरावावर आहेत. एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्यात आठ फुटांवरही काळीच, असं सर्रास निघतं. तसं असेल तर इंजिनिअरला खड्डे दाखवूनच फुटिंगची खोली ठरवा. काळी माती फार खोल असेल तर ते अंडर-रीम्ड पाइलसारखा (खोल जाणारे, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) दुसरा पाया सुचवतील. तो खर्च टाळू नका, एलिव्हेशनमधून वजा करा.

‘सहा फूट खोदायचं’ असा सरसकट हिशेब चुकीचा आहे. पक्का मुरूम किंवा दगड लागेपर्यंत खोदायचं.

पीसीसी (तळाचं बिनसळयांचं काँक्रीट) टाकण्याआधी खड्ड्यात उतरून हे बघा:

– तळ सपाट आणि कोरडा आहे का. सब्बल (पहार) मारल्यावर खणखणीत अडते की भसकन आत जाते?
– रात्री पाऊस पडला असेल तर पाणी उपसून पुरत नाही. वरचा मऊ झालेला थर खरवडून काढायचा.
– जास्त खोदलं गेलं असेल तर ती जागा मातीने भरायची नाही. काँक्रीटने भरा.

पीसीसीवर फुटिंगची जाळी येते. जाळीखाली ५० एमएमचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) हवेत, विटेचे तुकडे किंवा गिट्टीचे खडे नकोत. जाळी, कॉलमच्या सळया आणि रिंगा ड्रॉइंगशी ताडून बघा. रिंगेची टोकं ९० अंशात सरळ वळवून ठेवलेली नसावीत, १३५ अंशात आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळलेली असावीत. मिस्त्री या वळवण्याचा कंटाळा करतात, कारण त्यात वेळ जातो.

> तपासा आणि फोटो काढा: प्रत्येक फुटिंगचा फोटो टेप लावून काढा. टेपवरचा आकडा आणि पाटीवर लिहिलेला कॉलमचा नंबर दोन्ही दिसायला हवेत. उद्या वरचा मजला चढवताना इंजिनिअर हेच मागतो.

भरणी करताना खोदून काढलेली काळी माती परत आत घालू नका. ठेकेदाराला ते सोपं पडतं, कारण माती तिथेच पडलेली असते. प्लिंथच्या आत मुरूमच भरायचा, सहा ते आठ इंचांच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. एकदाच तीन फूट टाकून वरून पाणी सोडलं की दोन पावसाळ्यांनंतर फरशी बसते.

टप्पा ७: प्लिंथची उंची

उंची प्लॉटच्या जमिनीपासून मोजू नका, रस्त्याच्या मध्यापासून मोजा. नागपुरात सिमेंट रोड झाले तिथे जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली आणि पावसाचं पाणी गेटमधून अंगणात यायला लागलं. तुमचा रस्ता आज डांबराचा किंवा मुरमाचा असेल तर तो उद्या वर येणार हे धरून चाला. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) रस्त्याची पातळी घरावर आणा आणि तिथून किमान अडीच फूट ठेवा. नाल्याजवळ, खोलगट भागात आणखी जास्त. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा दोन पायऱ्या जास्त असण्याचा अर्थ तिथल्या लोकांना कळला.

प्लिंथ झाल्यावर फरशीखाली वाळवीची फवारणी करून घ्या आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला प्लिंथ झाल्याचं कळवा. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन तीन फुटांचा पक्का पट्टा ठेवा, म्हणजे पाणी पायापाशी मुरत नाही. काळ्या मातीत हा पट्टा चैन नाही, पायाचाच भाग आहे.

टप्पा ८: स्लॅब

स्लॅबच्या दिवशी घरी पाहुणे, पेढे, नारळ असतात. तपासणी त्या दिवशी होत नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी करायची.

सेंट्रिंगच्या बल्ल्या नुसत्या भुसभुशीत मातीवर उभ्या नकोत, खाली फळी हवी. एकेक बल्ली हाताने हलवून बघा. प्लेटांच्या फटी बंद आहेत का बघा, नाहीतर सिमेंटचं पाणी खाली गळतं आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. स्लॅबच्या सळयांखाली २० एमएमचे कव्हर ब्लॉक, बीमला इंजिनिअर सांगतील तेवढे. फॅन बॉक्स, वायरचे पाइप, बाथरूमच्या पाइपांची भोकं आत्ताच. नंतर स्लॅब तोडून भोक पाडणं म्हणजे सळई कापणं.

> थांबा: बाल्कनी आणि सज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खाली नाही. काँक्रीट टाकताना मजूर तिच्यावरून चालतात आणि ती दबून खाली जाते. तिच्याखाली सळईच्या खुर्च्या बांधलेल्या आहेत का, आणि त्या पायाने दाबल्यावर टिकतात का, हे स्वतः बघा. बाल्कनी तुटून पडते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

साइटवर मिक्सरने काँक्रीट होणार असेल तर माप फर्म्याने, म्हणजे मापाच्या पेटीने. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटसाठी एक गोणी सिमेंटला दीडपट रेती आणि तिप्पट गिट्टी. सिमेंटची गोणी साधारण सव्वा घनफूट धरतात, म्हणून सव्वा घनफुटाचा फर्मा रेतीचा दीड आणि गिट्टीचे तीन. तगारीने अंदाजे टाकू देऊ नका. खरी लढाई पाण्याची आहे. गोणीमागे तीस लिटरच्या वर पाणी जाता कामा नये, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. मजुराला पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून तो नळी सोडतो. मिक्सरपाशी तुमचा विश्वासाचा माणूस बसवा आणि त्याचं काम फक्त पाणी बघणं. व्हायब्रेटर दोन ठेवा, एक बंद पडतोच.

उन्हाळ्यातच स्लॅब टाकायची वेळ आली तर पहाटे सुरू करा, गिट्टीवर आदल्या रात्री पाणी मारा, सेंट्रिंग ओली ठेवा. दुपारच्या झळांत ताज्या स्लॅबवर तासाभरात केसासारख्या भेगा येतात.

पृष्ठभाग कडक व्हायला लागला की ओली पोती टाका आणि दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या (सिमेंट-रेतीच्या) क्यारी करून पाणी साठवा. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं. त्याला चौदा दिवस तराई द्या. नुसती सकाळ-संध्याकाळ नळी मारणं आपल्या कोरड्या हवेत पुरत नाही. कॉलमला पोती गुंडाळून ती ओली ठेवा. कॉलमची तराई सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि सगळा भार तर त्यांच्यावरच असतो.

सेंट्रिंग कधी काढायचं, हे ठेकेदाराच्या पुढच्या साइटवरून ठरू देऊ नका. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि बीमचे चौदा दिवस, असा भारतीय मानकाचा किमान हिशेब आहे. पीपीसीला त्याहून जास्त द्या आणि इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय एकही टेकू हलवू नका.

टप्पा ९: जुडाई, पाइप, प्लास्टर

एका दिवसात चार-साडेचार फुटांवर जुडाई चढवू नका. वीट आणि बीम-कॉलम मिळतात तिथे प्लास्टरआधी जाळी ठोका, नाहीतर त्या सांध्यावर हमखास रेघ उमटते. प्लास्टरच्या आधी पाण्याच्या लाइनला प्रेशर देऊन रात्रभर ठेवा. वायरिंगचे पाइप आणि पाण्याचे पाइप प्रत्येक भिंतीवर टेप लावून फोटोत घ्या, पुढे खिळा ठोकताना हाच नकाशा कामी येतो. कूलरचा नळ आणि प्लग बसले का, ते याच वेळी बघा.

टप्पा १०: पाणी आणि शेवटचे पैसे

बाथरूमला वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्सआधी ४८ तास पाणी साठवून खालचं छत बघा. गच्चीवर उतार नळीकडे आहे का, ते बादली ओतून बघा. वर पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) केला तर खालच्या खोलीतला फरक पहिल्याच मे महिन्यात कळतो.

भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय घरात राहायला जाऊ नका. कायम मीटर, घरटॅक्स, पुढे घर विकायची वेळ आली तर खरेदीदाराची बँक, सगळे तेच मागतात.

राखून ठेवलेली रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतरच द्या. त्या आठवड्यात गच्चीच्या नळ्यांची तोंडं, खिडक्यांच्या खालच्या कडा, पश्चिमेच्या भिंतीचा आतला भाग, बाथरूमच्या बाहेरची भिंत आणि प्लिंथभोवतीचा पट्टा बघा. जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा, तारीख घाला आणि ठेकेदाराला बोलवा. दुरुस्ती झाल्यावर पुढचा पाऊस पडू द्या, आणि त्या गोलात ओल परत आली नाही तर उरलेला हिशेब पुरा करा.